वयोश्रीच्या यादीत कवळी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेची बातमी आपल्या अंकात वाचली. ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साहित्यासाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा नि कमरेचा पट्टा, मानेची कॉलरसुद्धा यादीत आहे. कवळी मात्र नाही. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ती आहे, मग राज्याच्या यादीतून का गळली?

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. 'त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, जिभेचे टोक दातांना टेकवा,' हे तीस वर्षे शिकवले. आता वरचा एकही दात उरलेला नाही. मध्यंतरी नातवाला शुद्धलेखन घालायला बसलो. मी 'समुद्र' म्हणालो, त्याने 'शमुद्र' लिहिले. चूक कुणाची, ते दोघांनाही कळले. त्या दिवसापासून वही त्याची आई घेते.

दात किडले म्हणून गेले नाहीत. हिरड्या फुगायच्या, ब्रशला रक्त लागायचे, मी लवंगतेल लावून वर्गावर जायचो. त्यात मधुमेह. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, हे मला फार उशिरा समजले. वय झाले की दात पडायचेच, असे घरात सगळेच म्हणत. आईचेही मिश्री लावून लावून असेच गेले होते.

यंदा हुरड्याचे बोलावणे आले, तेव्हा 'शुगर वाढलीय' सांगून टाळले. खरे कारण चारचौघांत सांगवेना. गंमत म्हणजे भाकरी, काकडी, पेरू, शेंगदाणे सुटले आणि चहात बुडवलेली बिस्किटे नि दूधपोळी राहिली, तेव्हा शुगर खरोखरच वाढली.

कवळी केली होती. पण दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे कालांतराने ती सैल होते. लग्नाच्या पंगतीत माझी खाली आली. रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि नुसता मठ्ठा पिऊन उठलो.

म्हणून कवळी म्हणजे शिबिरात हातात ठेवायची काठी नव्हे. माप, चाचणी, बसवणे, मग टोचते तिथे घासून देणे, अशा चार-पाच खेपा होतातच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम होते, पण आमच्या तालुक्यातून तिथवर इतक्या खेपा कोण मारणार? मेडिक्लेम सहसा कवळीला हात लावत नाही.

शासनाने यादीत कवळीचे नाव स्पष्ट घालावे, तिच्यासाठी वेगळी रक्कम ठरवावी आणि माप घेण्यापासून पुढच्या दुरुस्तीपर्यंतची सोय उपजिल्हा रुग्णालयात, ठरलेल्या वारी करावी. वार आधी जाहीर केला, तर एसटीचे वेळापत्रक आम्ही जमवून घेऊ.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सांगली