कारण गेलं, जागरण उरलं

वेंगुर्ले,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय बाळ्या,

पत्र पोचलं. ‘रात्री तीनला डोळे टक्क उघडतात’ हे वाचून हसू आलं. गेल्या वर्षी त्याच वेळी मी पडवीत बसून समुद्राची गाज ऐकत असायचो. कळवलं असतंस तर गजाली तरी मारल्या असत्या!

माझी झोप उडाली ती मोहोर करपला तेव्हा. पुढे कर्जाचं जमलं, पण जागरण काही जाईना. मग भरपाई म्हणून रात्री नवालाच आडवा व्हायचो, दुपारी पेज जेवून दोन तास ताणून द्यायचो. तिथेच घोळ होता. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठतं, तीच झोपेची भूक. दुपारी ताणून दिली की ती मोडते. चहातलं कॅफिन तिची जाणीवच होऊ देत नाही, आणि त्यातलं निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. माझा संध्याकाळी सहाचा चहा तुला ठाऊकच आहे.

सुयांचं, म्हणजे ॲक्युपंक्चरचं विचारलंस. आठवड्यातून दोनदा सावंतवाडीला जायचो. केसासारख्या बारीक सुया. मुंगी चावल्यागत होतं, मग जडपणा येतो. एक मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला, त्या जागेला शेनमेन म्हणतात. एक आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. अर्धा तास निपचित पडायचं, मोबाइल बाहेर. तिथे हमखास डुलकी लागे, घरी मात्र ये रे माझ्या मागल्या. गुण सुयांचा की त्या अर्ध्या तासाचा, देव जाणे. कोक्रेन म्हणजे उपचारांचे पुरावे पारखणारी संस्था. 2012 मध्ये त्यांनी यावरच्या 33 चाचण्या तपासल्या. त्या इतक्या कच्च्या निघाल्या की बाजूनेही बोलता येईना, विरोधातही. जायचं तर जा, पण सुई बंद पाकिटातली, एकदाच वापरायची हवी, आणि तू रक्त पातळ करायची गोळी घेतोस हे आधी सांग.

मला गुण आला तो डॉक्टरांच्या एका जाचक उपायाने. साडेअकराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही, साडेपाचला उठायचंच, मग रात्र कशीही गेलेली असो. झोप येईना तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, बाहेर येऊन बसायचं. दुपारची झोप बंद. पहिले दहा दिवस बांगड्यांचा भाव करता करता पेंगत होतो. स्कूटरला हातच लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा थेट कोंबड्याने उठवलं. मग झोपायची वेळ पाव पाव तासाने अलीकडे आणली.

आई तळपायांना मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, लावून काशाची वाटी घासते. झोपेचं राहू दे, भेगा तरी गेल्या. दुधात परसातलं जायफळ घेतो, अगदी चिमूटभर. जास्त घालू नकोस. जायफळाचं विष होतं, छातीत धडधडतं, भलतंसलतं दिसू लागतं.

आता खरं बोलतो. वहिनी फोनवर म्हणाल्या, घोरता घोरता तुझा श्वास अडकतो आणि तू दचकून उठतोस. तू हे पत्रात लिहिलं नाहीस. त्यावर सुई नको, जायफळ नको आणि माझा कोंबडाही नको. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव, झोपेची तपासणी करून घे. ती रात्रीची झोपेची गोळीही त्यांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नकोस.

चतुर्थीला येशीलच. अंथरूण पडवीत घालतो. दुपारी मात्र लवंडू देणार नाही, आरतीला टाळ तुझ्याच हातात.

तुझा,
नाना

ता. क. तपासणीचं काय झालं ते तू कळव. वहिनींकडून कळायला नको.