बायला, गोळीविषयी

डिचोली, शुक्रवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल "आता बरं वाटतंय, गोळी बंद करते," म्हणून तू फोन ठेवलास. म्हणून लिहिते. नैराश्यावरच्या त्या गोळीचं एकदाच बोलते, मग विषय काढणार नाही.

बरं वाटतंय हे तुझ्या तोंडून ऐकायला मी किती आसुसले होते! पण बाय, ते गोळी चालू आहे म्हणूनही असेल ना? बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, फ्लुऑक्सेटिनचा, म्हणजे तुझ्या या गोळीचा गुण दिसायला चार-सहा आठवडे जातात आणि बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती घ्यावी लागते. मध्येच सोडली तर दुखणं उलटू शकतं.

गेल्या चवथीला आरतीचा आवाज नको म्हणून तू उशी कानावर दाबून पडली होतीस. यंदा गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना स्टुलावर चढून काकांवरच ओरडलीस, "सुपारीचा घड मध्ये नको!" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पातोळ्यांची हळदीची पानं हातातच राहिली.

तुला आकडे लागतात, म्हणून सांगते. २००४ साली अमेरिकेत नैराश्य असलेल्या १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांत, गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांतली ७१ टक्के सुधारली, नुसत्या गोळीवरची ६१ टक्के. म्हणून गुरुवारचं समुपदेशनही चुकवू नकोस. त्याच वर्षी तिथल्या सरकारने या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, की सुरुवातीला किंवा डोस बदलताना काही मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येऊ शकतात. तुझी गोळी सुरू झाली तेव्हा मी तुझ्या खोलीत जमिनीवर का झोपायचे, ते आता कळलं असेल. तसं काही मनात आलं तर रात्री दोनलाही फोन कर. आम्ही झोपेत फोन उचलला नाही तर १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहेच.

पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर. अकरावीचं तू एकटीने निभावते आहेस, अभिमान वाटतो. दादाचं बोलणं मनावर घेऊ नकोस, त्याला सवय लागण्याची भीती वाटते. या गोळीचं व्यसन लागत नाही.

मळमळ, झोप, जे काय असेल ते मंगळवारी बांबोळीला तूच विचार. मी बाहेर बसेन. सोडायची तर कधी आणि कशी कमी करायची, तेही विचार. आत्याकडून पेज खाऊन निघ. आणि तोवर गोळी घे, बाय.

तुझी,
आई