खाणाऱ्यांचाही सहकार पायजे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मुंबईत बरीच वर्षं चित्रकारी करून आता मी मंगळवार पेठेतल्या घरी कायमचा परत आलोय. आल्या आल्या शेजारच्या वहिनींनी विचारलं, आमच्या धान्याच्या गटात येणार काय, महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि पाळी आली की वाटपाला उभं राहायचं. मी लगेच हो म्हटलं. पंधरा-वीस घरं मिळून तांदूळ आजऱ्याकडनं, गूळ एका गुऱ्हाळावरनं, ज्वारी-डाळी ओळखीच्या शेतकऱ्यांकडनं थेट आणतात. असे गट पेठापेठांत व्हावेत असं मनापासनं वाटतंय, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरला सहकार शिकवायची गरजच नाय. १९६३ ला गोकुळ सुरू झालं, वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी केवढं काम उभं केलं, गावोगावी सोसायट्या आहेत, पतसंस्था आहेत. पण ह्यातलं बहुतेक सगळं ऊस पिकवणाऱ्याचं, दूध घालणाऱ्याचं, कर्ज काढणाऱ्याचं. आपल्या ताटात काय येतं ते ठरवणारा, खाणाऱ्यांनी चालवलेला सहकार शहरात फार कमी दिसतो. मुंबईत ग्राहक पंचायत १९७५ पासनं शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे संघ करून महिन्याचं वाणसामान वाटते, ते मी तिथं जवळनं बघितलंय. मग सहकाराच्या जिल्ह्यात हे का नको?

आता गुळाचंच घ्या. आपल्या गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, नाव जगभर आहे, पण गिऱ्हाईक दुकानात पिवळीधमक ढेप मागतं, पिवळ्याला भाव जास्त मिळतो, मग रंग उजळायला रसात हायड्रॉस नावाची रंग उडवायची पावडर पडते. गुऱ्हाळवाल्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाय, तो बाजार बघूनच गूळ करणार. रसातली मळी काढायला भेंडीचं चिकट पाणी घालायची जुनी पद्धत अजून काही गुऱ्हाळांवर आहे आणि तो गूळ तपकिरी असतो, एखाद्या आधणाचा तांबूस, एखाद्याचा पार काळपट. रंगातच आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, तो रंग सुंदर आहे. आमच्या गटानं आधी पैसे भरून 'काळा असला तरी चालेल, पावडर नको' असं सांगितलं आणि गुऱ्हाळवाला खुशीनं तयार झाला, कारण माल पडून राहायची भीती गेली. आजऱ्याच्या घनसाळचं पण तसंच. वासाचा तांदूळ, उतारा कमी, आणि बाजारात त्याच्या नावावर दुसराच खपतो. माणूस ओळखीचा असला की ती काळजी राहत नाय.

गटात माझं काम म्हणजे फलक. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले आणि पुढं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावच्या चित्रकाराला हे काम अभिमानाचंच वाटणार. मोठ्या अक्षरात तीन आकडे लिहितो: शेतकऱ्याला किती दिले, गाडीभाडं-हमाली किती, सदस्याला किती पडलं. अडत म्हणजे दलाली, तोलाई म्हणजे वजन करायचे पैसे, ह्यात कुठं किती जातं ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना आत्ता कळायला लागलंय. लोकं फलकापुढं थांबून बोलतात, कधी वादपण घालतात, दुकानाच्या काउंटरवर हे व्हायचं नाय.

अडचण आहे ती जागेची. वाटप आत्ता एका सदस्याच्या पार्किंगमध्ये होतं, पावसात पोती भिजतात. महापालिकेनं मंडईतला एखादा मोकळा गाळा नायतर शाळेचा हॉल रविवारी सकाळी दोन-तीन तास द्यावा, भाडं भरायची आमची तयारी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीला हायवे बंद पडला तेव्हा शहराचे काय हाल झाले ते सगळ्यांना माहितीय, पेठेत कोरड्या जागी थोडं धान्य साठवलेलं असलं तर अशा वेळी केवढा आधार होईल.

रीतसर संस्था करायची तर १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणं वेगवेगळ्या घरांतली किमान दहा माणसं लागतात, आणि शेअर कितीही असू देत, मत एकाला एकच. दहा घरं कुठल्या गल्लीत मिळणार नायत? सहकार खात्यानं अशा छोट्या गटांना नोंदणीचे कागद समजावून सांगायला एक माणूस नेमून द्यावा, बाकी आम्ही बघून घेऊ.

आणि ज्या पेठेत नवा गट होईल तिथला फलक मी स्वतः येऊन फुकट रंगवून देईन, अट एकच, तिन्ही आकडे लिहायचे.

आपला,
एक चित्रकार, मंगळवार पेठ, कोल्हापूर