तिसरे मांजर घरात घेताना

नागपूर,
१२ जुलै

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जिन्याखाली मुक्काम ठोकून बसलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या मांजरीला घरात घ्यायचे तू आणि वहिनींनी अखेर ठरवलेत, हे वाचून फार आनंद झाला. घरातल्या दोघांना ती कितपत रुचेल, ही तुझी काळजीही रास्त आहे. आमच्याकडे यंदाच्या उन्हाळ्यात नेमका हाच प्रसंग होता, त्यामुळे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले. मला उमगलेली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो : नवे मांजर आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर रुळते, कारण त्याला मिळेल ते हवेच असते. खरा वेळ जातो तो जुन्यांना ‘घर अजून तुमचेच आहे’ याची खात्री पटवण्यात. त्यामुळे तुझे निम्म्याहून अधिक लक्ष नव्या पाहुणीपेक्षा जुन्या बिऱ्हाडकरूंवर असू दे.

आमची ठमी तुला ठाऊकच आहे, आता नऊ वर्षांची झाली आणि पूर्वीइतकीच मानी आहे. बंड्या तिच्याहून पुष्कळ लहान, नसबंदी झालेला, अंगाने दांडगा आणि मनाने भित्रा. तिसरी आली ती नागपूरजवळच्या बुटीबोरीहून. आमच्या कारखान्याच्या कँटीनमागे ती मागच्या पायाने लंगडत उष्टे खात असे, आणि दोन कामगारांच्या मदतीने तिला एका भाजीच्या क्रेटखाली धरता आले. गाव तेच नाव, या न्यायाने आमच्या कन्येने तिला ‘बुटी’ म्हणायला सुरुवात केली. नागपुरात बुटी हे जुने प्रतिष्ठित आडनाव आहे, तेव्हा ही हाक आम्ही खिडक्या लावूनच मारतो. धरताना तिने एका कामगाराच्या मनगटावर चांगलेच बोचकारले. अशी वेळ तुझ्यावर आली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठायचा. ‘ओरखडाच तर आहे’ म्हणून हळद दाबून बसायचे नाही.

घरी आणण्यापूर्वी मी तिला थेट सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. पायाची जुनी जखम भरत आली होती, पण कानांत माइट म्हणजे बारीक किडे होते, पिसवा होत्या आणि पोटात जंतही. पिसवांच्या बाबतीत तुला मुद्दाम बजावतो, कारण तुझ्या शेजाऱ्यांकडे कुत्रा आहे आणि ते मदतीला तत्पर असतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायची औषधाची कुपी मांजरावर कधीही टाकू नकोस. त्यांतल्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकते. रक्ताच्या थेंबावर फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा) या दोन विषाणूंची चाचणी होते, तीही करून घे. पहिला लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच ताटलीत खाण्यातून पसरतो. दुसरा मुख्यतः भांडणातल्या खोल चाव्यांतून. दोन्हींचा माणसाला धोका नाही. मात्र संसर्ग अगदी ताजा असेल तर ल्युकेमियाची पहिली चाचणी तो पकडू शकत नाही, म्हणून निदान महिन्याने ती पुन्हा करावी लागते.

मला सर्वांत जास्त धास्ती होती पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या जिवावर बेतणाऱ्या एका विषाणुजन्य रोगाची, ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात. तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरू शकतो आणि नेहमीच्या साबण-फिनाइलला दाद देत नाही. त्याला लागते ते ब्लीच : १ भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी, फरशीवर दहा मिनिटे राहू द्यायचे आणि मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचे. म्हणूनच नव्या मांजराला निदान दोन आठवडे वेगळे ठेवायचे आणि तत्पूर्वी घरच्यांच्या लसी झालेल्या आहेत ना, हे पाहायचे. फिनाइल मात्र वहिनींना सांगून घरातून बादच कर. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीच्या पदार्थांचा निचरा नीट करता येत नाही, त्यामुळे ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणारे मांजर त्याने आजारी पडते. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान ठरते, त्याच्या मुळाशीही यकृताची हीच उणीव आहे.

आता खोलीविषयी. जो तो ‘एका खोलीत बंद ठेवा’ एवढे सांगून मोकळा होतो. पारा ४५ च्या पुढे असताना एखादी खोली बंद ठेवणे म्हणजे काय, हे अकोल्यात राहणाऱ्या तुला मी काय सांगावे! बुटी आली तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला होता. गच्चीखालच्या खोलीचा विचार मी लगेच सोडून दिला आणि मागची, उत्तरेकडची, कूलर बसवलेली खोली तिला दिली. कूलर आणि खिडकीची चौकट यांमध्ये जी फट राहते ती प्लायवुडने बंद करून घेतली, कारण मांजराचे डोके जिथून जाते तिथून बहुधा ते सगळेच जाते. वीज गेली की कोणीतरी आत जाऊन पाहून येई. मांजर कुत्र्यासारखे धापा टाकत नाही. त्याने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली तर ते उन्हाने त्रासले आहे असे समजून अंग ओल्या फडक्याने पुसायचे आणि दवाखाना गाठायचा.

या कूलरनेच पुढे एक गंमत केली. कूलर बाहेरची हवा खोलीत ढकलतो आणि त्या हवेला निघून जायला वाट लागते; आमच्या त्या खोलीत ती वाट म्हणजे दाराखालची फट. परिणामी बुटीच्या वासाची एक अखंड झुळूक दिवाणखान्यात येत राहिली आणि ठमी व बंड्या यांनी आपला मुक्काम त्या फटीपाशी हलवला. ठमी नाक फटीला लावी, मग वरचा ओठ किंचित आखडून, तोंड अर्धवट उघडे ठेवून, कोणीतरी अपमान केल्यासारखी स्तब्ध बसे. मांजरांच्या टाळूत वास पारखणारे एक वेगळे इंद्रिय असते आणि हवा तिथवर पोहोचवण्यासाठी ती असे तोंड करतात. या दोघांना बुटी न पाहता पुरती कळत होती. तिला मात्र या दोघांचा काहीच पत्ता लागत नव्हता, कारण वारा एकाच दिशेने वाहत होता. मग मी जुन्या पंच्याचे तुकडे केले. एक ठमीच्या गालांवर आणि हनुवटीवर हलकेच फिरवायचा, दुसरा बंड्याच्या, आणि ते बुटीच्या ताटलीजवळ ठेवायचे. मांजर गाल घासते तेव्हा तिथल्या ग्रंथींतून आपली खूण मागे ठेवत असते, म्हणून गालच निवडायचे. बुटीने पहिला तुकडा पाहून फिस्कारून घेतले आणि ताटली सोडून कपाटाखाली गेली, तेव्हा तो तुकडा दूर सरकवला आणि ती बिनधास्त जेवू लागल्यावर रोज थोडाथोडा जवळ आणला. त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, असा क्रम ठेवला. पलीकडच्या वासाबरोबर पोटात काहीतरी चांगले जाते, हे तिन्ही डोक्यांत बसायला हवे होते. जेवणासाठी मी मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले चिकन द्यायचो. कांदा-लसूण मांजराला अपायकारक असतो. तुझ्या शाकाहारी घरात ते शिजणार नाही, तर मांजरांसाठीचे तयार खाद्य आण. पण दूधभातावर तिला काढू नकोस. प्राण्यांच्या मांसातून मिळणारे टॉरिन हे पोषकद्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही खालावतात, आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. नवखे मांजर घाबरून दोन दिवस काहीच खात नसेल तर मात्र वाट पाहत बसू नकोस. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते जिवावर बेतू शकते.

दाराआड सगळे शांतपणे जेवू लागल्यावर जाळीच्या दाराची पाळी आली. डासांसाठी लावलेले हे दार एरवी मला कटकटीचे वाटे, पण या कामी त्याला तोड नाही. जाळीवर चादर टाकली आणि ती दररोज बोटभर वर केली, म्हणजे आधी पंजे दिसले, मग पोट, मग तोंड. नजरेवर लक्ष ठेव. फिस्कारणे, गुरगुरणे, शेपूट फुगवणे यांना भिऊ नकोस, ते ‘तिथेच थांब’ एवढेच सांगणे असते. भांडणाची खरी नांदी म्हणजे दोघांनी न हलता, पापणी न लववता एकमेकांकडे रोखून पाहणे. तसे झाले की मध्ये एक मोठा पुठ्ठा सरकवायचा. हात कदापि घालायचा नाही आणि ओरडायचे तर मुळीच नाही. काही हौशी माणसे दोन मांजरांना कडेवर घेऊन नाकाला नाक लावतात, त्यांना माझा दंडवत. आम्ही या भेटी पहाटे आणि रात्री ठेवल्या. दुपारी नागपूरचे ऊन सगळ्यांनाच फरशीवर आडवे करते. तेव्हा दिसणाऱ्या शांततेवर विसंबून दार उघडणे धाडसाचे ठरते.

आमच्याकडे खटका उडाला तो मात्र भलत्याच दोघांत. बंड्याने जाळीतून बुटीला पाहिले, तिच्यापर्यंत पोहोचता येईना म्हणून तो धुमसत राहिला आणि शेजारून निघालेल्या ठमीच्या कानशिलात त्याने लगावली. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा हा प्रकार मांजरांत नेहमीचा आहे आणि त्यापायी वर्षानुवर्षे एकत्र झोपणाऱ्यांचेही बिनसू शकते. त्या रात्री दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले आणि सकाळी एकत्र जेवू घातले. बंड्याच्या लघवीवरही आमची नजर होती, कारण ताणामुळे बोक्याच्या मूत्रमार्गात अडथळा येऊ शकतो. बोका शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या पेटीत वारंवार बसतो पण थेंबही होत नाही, असे दिसले तर ती तातडीची वेळ समज आणि सकाळपर्यंत थांबू नकोस.

ठमीने पंजा उगारला नाही, पण तिचा उपद्रव अधिक सूक्ष्म होता आणि तो लक्षात यायला वेळ लागला. दार उघडे राहू लागल्यावर ती स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळकांडीत आडवी पडून राही. ना आवाज, ना फिस्कार. पाहणाऱ्याला वाटावे, गारव्याला पडली आहे. पण बुटी खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरे, आणि एकदा तिने आतल्या गादीवरच घाण केली, कारण मातीची पेटी ठमीच्या पलीकडे होती. यावर ठमीला उठवून लावणे हा उपाय नव्हे. त्याने तिची शंका पक्कीच झाली असती. आम्ही बुटीला दुसरा रस्ता दिला : आतल्या खिडकीपासून शिलाई यंत्रावर, तिथून भिंतीतल्या नव्या फळीवर आणि फळीवरून थेट जेवणाच्या टेबलामागे. पेट्याही वाढवल्या. तीन मांजरांना चार पेट्या हव्यात, आणि त्या एका ओळीत न मांडता घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत हव्यात. ओळीत ठेवलेल्या चार पेट्यांवर एकटी ठमी पहारा करू शकते. पाण्याच्या वाट्यांचेही तसेच. आणि ठमीचे जे जे हक्काचे होते, म्हणजे माझी खुर्ची, सकाळचा पहिला घास, सौ.च्या पायथ्याची जागा, त्यांतले काहीही आम्ही बुटीला मिळू दिले नाही. ही आमची पंक्तिप्रपंचाची वागणूक कन्येला खटकली, तरी मी ती कायम ठेवली.

जूनअखेर बुटीची नसबंदी केली. ती दवाखान्यातून परतली तेव्हा तिच्या अंगाला औषधांचा वास होता आणि बंड्याने तिला ओळखच दाखवली नाही, पुन्हा सुरुवातीसारखे फिस्कारू लागला. पुन्हा पंच्याचे तुकडे, पुन्हा बंद दार; पण या वेळी सगळे फार लवकर निवळले. आता बंड्या आणि ती रात्री घरभर धिंगाणा घालतात. ठमी तिला सहन करते, म्हणजे तिच्याकडे पाठ करून बसते. पाठ करून बसणे हा मांजरांच्या व्यवहारात विश्वासच असतो, आणि याहून जास्त जवळीक ठमीकडून कधीच व्हायची नाही; तशी अपेक्षाही मी धरत नाही.

तुझी वेळ पावसाळ्याची आहे, म्हणून एवढे अधिक पाहा : अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असण्याचा संभव असतो, दमट हवेत ते पसरते आणि लहान मुलांना सहज लागते. डॉक्टरांनी पाहीपर्यंत तुमच्या छोट्या चिमणीला मांजरीजवळ जाऊ देऊ नकोस. मांजरी गाभण आहे का, हेही पहिल्याच भेटीत विचार. गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो आणि जिन्याखालच्या मांजरींचा काही नेम नसतो.

मेहुणे पुढच्या आठवड्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसने अकोल्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर आमची मांजर न्यायची पेटी पाठवतो. ब्लीचने धुऊन उन्हात वाळवली आहे, तरी तू तिच्यात तुझ्या मांजरीने वापरलेले पोते घाल आणि दोन दिवस ती जिन्याखाली उघडी ठेवून आतच खायला दे, म्हणजे तिला धरण्याची वेळ न येता ती आपण होऊन आत जाईल. डॉक्टरांची वेळ ठरली की कळव. वहिनींना नमस्कार, चिमणीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
शिरीष