बाहेर बसवलेला क्वार्टरबॅक

ह्यूस्टन, टेक्सास
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. खो-खोच्या अंतिम सामन्यात कर्णधार मुलीला दुसऱ्या डावात तू बाहेर बसवलेस, संघ जिंकला, आणि तेव्हापासून ती सरावाला नेमाने येते पण तुझ्याशी बोलत नाही, हे वाचून मला एकच नाव आठवले. गेल्या रविवारी न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकून सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जेलन हर्ट्‌स. त्याच्या आजच्या यशाबद्दल तू वाचले असशील; मला लिहायचे आहे ते त्याच्या कॉलेजच्या चार वर्षांबद्दल.

तो क्वार्टरबॅक आहे; आधी क्वार्टरबॅक म्हणजे काय ते सांगतो. अकरा जणांच्या संघात प्रत्येक चालीची सुरुवात याच्या हातून होते. समोर वाकलेला सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि मग जेमतेम तीन सेकंदांत, सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे गडी अंगावर धावून येत असताना, चेंडू कोणाकडे फेकायचा, जवळच्या गड्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे याला ठरवावे लागते. म्हणूनच संघ हरला की पहिले बोट याच्याकडेच दाखवले जाते.

हर्ट्‌स आमच्या ह्यूस्टनच्या पूर्वेकडील चॅनलव्ह्यूचा. हा सगळा भाग रासायनिक कारखान्यांचा आणि कामगार वस्तीचा आहे. वडील तिथल्याच शाळेच्या संघाचे प्रशिक्षक, आणि थोरला भाऊही तिथलाच क्वार्टरबॅक. त्यामुळे चूक झाली की ती मैदानावर बापाकडून ऐकायची आणि रात्री त्याच बापाच्या पंगतीला जेवायला बसायचे, असे त्याचे बालपण गेले. पुढे त्याने जे सोसले त्याचे मूळ मला या घरात दिसते.

२०१६ मध्ये तो अलाबामा विद्यापीठात गेला. तिथे निक सेबन प्रशिक्षक होते आणि टस्कलूसाच्या मैदानावर प्रत्येक सामन्याला लाखभर माणूस जमत असे. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच चालीत, अठरा वर्षांच्या या मुलाच्या हातून चेंडू सुटला आणि प्रतिस्पर्ध्यांनी तो उचलला. पण सेबन यांनी त्याला पुन्हा मैदानात उतरवले, आणि त्या दिवशी त्याने दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणे) फेकून व दोन स्वतः पळून मिळवले. त्याच हंगामात तो संघाचा नियमित क्वार्टरबॅक झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अलाबामात हा मान ३२ वर्षांनी मिळाला होता. दोन हंगामांत त्याने सुरुवात केलेल्या २८ सामन्यांपैकी २६ संघाने जिंकले. हे सारे तेव्हा शिष्यवृत्तीवरच चाले. जाहिरातींसाठी आपले नाव वापरू देण्याचे पैसे घेण्याची मुभा विद्यार्थी खेळाडूंना २०२१ मध्ये मिळाली.

आता ८ जानेवारी २०१८ची रात्र. अटलांटात जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध कॉलेज संघांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. मध्यंतराला अलाबामा १३-० ने मागे, आणि हर्ट्‌सने ८ पैकी ३ पास पूर्ण करून संघाला अवघे २१ यार्ड पुढे नेलेले. सेबन यांनी त्याला बसवले आणि पहिल्या वर्षाच्या तुआ टॅगोवायलोआला उतरवले. तुआने जादा वेळेत ४१ यार्डांचा पास फेकून सामना २६-२३ असा जिंकून दिला. मी तो सामना घरी टीव्हीवर पाहत होतो. सारे तुआकडे पाहत असताना माझी नजर कडेला उभ्या असलेल्या हर्ट्‌सवर होती. प्रत्येक चांगल्या चालीला तो टाळ्या देत होता आणि मैदानातून परतणाऱ्या तुआला जवळ घेत होता. करोडो लोक पाहत असताना, एकोणीस वर्षांच्या वयात!

पुढचे वर्ष मला त्या रात्रीपेक्षाही मोठे वाटते. सारे म्हणत होते की तो दुसरीकडे जाईल. त्याच वर्षी नियम बदलून, चारपेक्षा जास्त सामने न खेळणाऱ्याचे ते वर्ष कॉलेजात खेळण्याच्या ठराविक वर्षांत धरणे बंद झाले होते, म्हणजे ते वर्ष त्याला पुढे वापरता येई. चार सामन्यांनंतर थांबला असता तर कोणी नाव ठेवले नसते. तो पाचव्यातही उतरला. वर्षभर तुआच्या मागे उभा राहिला, सरावाला आला, आणि अभ्यास पुरा करून डिसेंबरात पदवी घेतली. त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध परिषदेच्या, म्हणजे आपल्या भागातल्या विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात तुआच्या घोट्याला दुखापत झाली. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात २८-२१ अशी पिछाडी असताना हर्ट्‌स आत गेला, पासवर बरोबरी साधली आणि मग १५ यार्ड स्वतः पळून ३५-२८ असा विजय मिळवून दिला. त्यानंतर बोलताना सेबन यांचा कंठ दाटून आला होता. ज्या हाताने बसवले, त्याच हाताने पाठ थोपटण्याची वेळ आली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

पदवीधराला दुसऱ्या विद्यापीठात लगेच खेळता येई, म्हणून २०१९ मध्ये तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. बेलर विद्यापीठाविरुद्ध २८-३ अशा पिछाडीवरून त्याने ३४-३१ असा विजय खेचून आणला, आणि वर्षाअखेर सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन पुरस्काराच्या मतदानात जो बरो या क्वार्टरबॅकच्या पाठोपाठ दुसरा आला. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा उपांत्य सामना मात्र त्याच बरोच्या एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून) ६३-२८ असा गमावला, तोही अटलांटाच्याच मैदानावर. व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत त्याचा क्रमांक ५३वा लागला. बाकीचे तू वाचलेच आहेस.

तू विचारतोस, मुलीला काय सांगू. तिला बसवण्याचा निर्णय चुकला होता असे मी म्हणणार नाही. सेबन यांचाही चुकला नव्हता. पण आपण तिला का बसवले हे तू तिला अजून एकटीला बसवून सांगितलेले नाहीस, असे तुझ्या पत्रावरून वाटते. ते आधी सांग. ती सरावाला येते आहे, हे तू दोनदा लिहिले आहेस, म्हणूनच मला हे सगळे लिहावेसे वाटले. पुढच्या सामन्यात तिला कुठे उतरवतोस ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र