कोस्टा रिकाला निघालेल्या सईस

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या गटाचा कोस्टा रिकाचा अभ्यासदौरा ठरल्यापासून तू याद्या करत बसली आहेस: झाडांना लटकणारा संथ स्लॉथ, मोठ्या चोचीचा टूकान पक्षी, लाल मकाव पोपट, नशिबाने साथ दिली तर जॅग्वार. यादी अवश्य कर, पण तिच्यात प्राण्यांच्या शेजारी माणसांनाही जागा ठेव, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. त्या देशातले वन्यजीवन आज शिल्लक आहे, ते तिथे कुणी कधी हात लावला नाही म्हणून नव्हे. पुष्कळसे हातचे गेले होते आणि लोकांनी, कायद्याने आणि पैशाच्या नीट मांडलेल्या हिशेबाने ते परत मिळवले आहे.

विमानातून हिरव्या टेकड्या दिसतील, त्यांना अनादी अरण्य समजू नकोस. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गोमांसाच्या निर्यातीसाठी तिथे इतकी कुरणे काढली गेली, की १९८० च्या दशकात देशाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या आसपास जंगल उरले होते. झाडे तोडून जमीन मोकळी केली की तिच्यावरचा हक्क पक्का होई, गुरांसाठी कर्जही सहज मिळे. मग शेतकऱ्याने झाड राखावे तरी कशासाठी? १९९६ च्या वन कायद्याने जंगलाचे शेतात किंवा कुरणात रूपांतर करण्यास बंदी केली आणि पुढच्याच वर्षापासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला त्याचा मोबदला मिळू लागला, तोही मुख्यतः इंधनावरच्या करातून. गुरांचा धंदा मंदावणे आणि पर्यटन वाढणे यांचाही त्यात वाटा आहे, म्हणून सगळे श्रेय कायद्याला देणे मला पटत नाही. पण आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडांखाली आहे, आणि तुझ्या यादीतले बहुतेक पक्षी त्या हिशेबावर जगत आहेत.

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला तुम्ही हिरव्या समुद्री कासवांच्या विणीच्या हंगामात पोहोचाल. तिथे रात्री परवानाधारक वाटाड्याबरोबरच किनाऱ्यावर जाता येते, कॅमेरा नेता येत नाही, आणि मादी अंडी घालू लागेपर्यंत लांब थांबावे लागते, कारण त्याआधी उजेड किंवा हालचाल जाणवली तर ती अंडी न घालताच समुद्राकडे वळू शकते. वाटाड्याने बोलावले की मागच्या बाजूने जा आणि त्याच्या लाल दिव्याच्या उजेडात खळग्याकडे नीट बघ. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर पांढरी अंडी दोन-दोन, तीन-तीन करून पडत असतात. एका वेळेला साधारण शंभरेक. ती संपली की मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी मादी वाळू ओढून घेते आणि थोपटून, दाबून बसवते, हे सगळे एकदाही मागे वळून न पाहता. नंतर पुढच्या पायांनी एवढी वाळू उडवते, की अंडी नेमकी कुठे आहेत ते पाहणाऱ्यालाही सांगता येऊ नये. वाळूच्या उष्णतेवर पिलांचे लिंग ठरते, वाळू तापली की माद्या जास्त निपजतात. तेव्हा तापत्या हवामानाचा प्रश्न पुस्तकातून बाहेर येऊन तुझ्या पायाखालीच असेल.

याच किनाऱ्यावर १९५० च्या दशकात आर्ची कार हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आले, तेव्हा वर आलेली कासवे मांसासाठी उलटी पाडून ठेवली जात आणि बाहेर पाठवली जात. त्यांनी कासवांना खुणेचे बिल्ले लावून नोंदी सुरू केल्या, १९७० च्या दशकात तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि हळूहळू गावाची मिळकत मेलेल्या कासवाकडून जिवंत कासवाकडे वळली. उद्यानातले जॅग्वार किनाऱ्यावर येऊन ही कासवे मारतात, हेही ऐकशील. दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. तिथे कुणाची बाजू घेण्याची घाई करू नकोस.

खरी परीक्षा पॅसिफिकच्या बाजूला, ओस्तिओनालला होईल. ऑलिव्ह रिडले कासवे तिथे एकेकटी न येता काही रात्री हजारोंच्या, कधी लाखांच्या संख्येने एकदम येतात, आणि अशा प्रत्येक आगमनाच्या सुरुवातीला गावकरी पोती घेऊन किनाऱ्यावर उतरतात. टाचेने वाळू चाचपतात, भुसभुशीत लागली की हाताने उकरतात आणि अंडी भरून नेतात. तू बघशील आणि संतापशील. पण ही चोरी नाही. १९८७ पासून या गावाला ही कायदेशीर मुभा आहे. पाठोपाठ येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरून टाकतात, फुटलेली अंडी वाळूत कुजतात आणि बाकीचीही नासवतात, म्हणून आरंभीची बरीचशी अंडी तशीही वाया जाणारी असतात. बदल्यात गावकरी किनारा साफ ठेवतात, चोरांवर पहारा करतात, आणि पिले निघाली की कुत्री आणि गिधाडे हाकलत त्यांना पाण्यापर्यंत सोबत करतात. यावर आक्षेपही आहे, आणि तो हलका नाही: बाजारात कायदेशीर अंडी असली की त्यांच्या आड चोरीची अंडी विकणे सोपे जाते. मला गावकऱ्यांची बाजू अधिक पटते, कारण किनाऱ्यावर बारा महिने राहणारे तेच आहेत. पण तू माझे मत घेऊन जाऊ नकोस. अंडी गोळा करणाऱ्या बाईशी बोल, मग ठरव.

मोन्तेवेर्देच्या ढगांतल्या जंगलात बुटांचे तळवे स्वच्छ करून मगच पाऊल टाक. तिथला सोनेरी भेक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. तो जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. त्या भागातल्या अनेक बेडकांच्या ऱ्हासामागे कातडीवर वाढणारी एक बुरशी आहे, आणि अशी बुरशी ओल्या चिखलाबरोबर एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाऊ शकते. डासांचे मलम लावलेल्या हातांनी बेडूक धरू नकोस. त्याची कातडी ते शोषून घेते. स्लॉथला कुशीत घेऊन फोटो काढू देणारा कुणी भेटला, तर गटातल्या मैत्रिणींना न संकोचता अडव. तो प्राणी शांत दिसतो म्हणजे सुखात असतो असे नाही.

आपण तिथे जाऊन काय उपयोग, असे तू मागे विचारले होतेस. तुम्ही थोड्या दिवसांत काही वाचवणार नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये. तुमच्या मुक्कामाचा पैसा मात्र कुठे तरी जाणार आहे. तो गावातल्या वाटाड्याला, खानावळीला, संशोधन केंद्राला मिळतो की दूरच्या कुणा मालकाला, हे तुझ्या शिक्षकांना निघण्याआधीच विचार. वहीत प्रत्येक प्राण्याच्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिही: या जागेची राखण कोण करते आणि त्याचे घर कशावर चालते. परत आलीस की सगळ्यांत आधी ओस्तिओनालचे पान मला वाचून दाखव, आणि तुझे मत माझ्याविरुद्ध गेले असेल तर कारणांसह सांग.

तुझी,
आई