तुझा तंबू आणि धबधब्याची रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा तंबू सुखरूप परत आलाय. आत्ता गच्चीतल्या दोरीवर पसरून वाळतोय. ओला घडी केला तर बुरशी धरते आणि मग तो वास काही केल्या जात नाही, हे तूच बजावून सांगितलं होतंस. फक्त बारा खुंट्यांपैकी दहाच परत आल्या आहेत. उरलेल्या दोन कुठे गेल्या हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो.

तुझा पाय प्लास्टरमध्ये असताना आम्ही तिघंच जावं हे मला पटत नव्हतं. तू आग्रह केलास म्हणून निघालो.

धबधबा दिसण्याच्या बराच आधी ऐकू येतो. आधी वाटलं, झाडांमध्ये वारा सुटलाय. मग लक्षात आलं की पानं हलतच नाहीत. शेवटचं वळण घेतलं आणि समोर पाणी! खालच्या डोहाच्या कडेला वाळूची एक सपाट, मऊ जागा होती. पाणी हाताच्या अंतरावर, धबधबा अगदी डोळ्यांसमोर. आम्ही तिथेच सामान टाकलं. वाळूत खुंटी धरेना, म्हणून दोन खुंट्या खोल ठोकून त्यांच्यावर मोठे दगड ठेवले.

एवढ्यात कॅम्पची देखभाल करणारे एक वयस्कर गृहस्थ खाली आले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. शेजारच्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे इथं कोणी अडकवलंय?" माझ्या कमरेपेक्षा वर, फांद्यांमध्ये वाळकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. पाणी तिथपर्यंत येऊन गेलं होतं. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला तर इथे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं, असं ते म्हणाले. त्यांनी आम्हाला पाण्यापासून शंभरेक पावलं लांब, वरच्या टप्प्यावर नेलं. वाळलेल्या फांद्या डोक्यावर येणार नाहीत हेही पाहिलं. खरं सांगतो, तेव्हा मी मनातून नाराज होतो. तिथून धबधबा अर्धाच दिसत होता. घाईत त्या दोन खुंट्या दगडांखालीच राहिल्या. म्हटलं, सकाळी काढू.

संध्याकाळची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. पडणाऱ्या पाण्याकडे मिनिटभर एकटक बघायचं आणि मग नजर शेजारच्या खडकावर न्यायची. खडक हळूहळू वर सरकायला लागतो! मला वाटलं भोवळ आली. पण तिघांनाही तेच दिसलं. परत आल्यावर वाचलं, तर १८३४ साली रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच पाहून लिहून ठेवलंय. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी बघून बघून मंदावतात, उलट्या दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं, आणि स्थिर खडक चढताना दिसतो. तू असतास तर दहा वेळा करून बघितलं असतंस.

तू विचारलं होतंस, रात्री तिथे किती शांत असतं? अजिबात नाही रे. तो आवाज एक क्षणही थांबत नाही. दहा पावलांवरून मारलेली हाक ऐकू येत नाही, म्हणून अंधार पडायच्या आधीच टॉर्चच्या खुणा ठरवून घेतल्या. एक उघडझाप म्हणजे ठीक, तीन म्हणजे ये. गारठा वरून कमी आणि खालून जास्त लागतो. पांघरुणं दोन होती, पण अंगाखाली जाड चटई नसती तर झोप लागली नसती. सुरुवातीला तंबूच्या जाळ्या बंद ठेवल्या तर आमच्याच श्वासाची वाफ कापडावर जमून टपटपायला लागली. जाळ्या उघडल्या तेव्हा ते थांबलं.

अडीचच्या सुमारास मला जाग आली. आवाज बदलला होता. मोठा झाला होता असं नाही, जड झाला होता. मध्येच जमिनीतून आल्यासारखा धप्प असा ठोका. बाहेर आलो तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं, एक थेंबही पाऊस नाही. टॉर्च खाली मारला तर पाणी चहाच्या रंगाचं, त्यात फांद्या वाहत होत्या. ते ठोके पाण्याने लोटलेल्या धोंड्यांचे होते. वाळूची ती जागा दिसतच नव्हती. गवत अडकलेलं झुडूप अर्धं बुडालेलं होतं.

मी दोघांना उठवलं. ते गृहस्थही वर येऊन बघून गेले, इथे काही भीती नाही म्हणाले. तरी आम्ही उजाडेपर्यंत बसूनच होतो. कोणीच काही बोललं नाही, आणि बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं. माझ्या डोळ्यांसमोर सारखं एकच येत होतं, त्या वाळूवर ठोकलेला तंबू आणि आत झोपलेले आम्ही तिघं.

सकाळी ऊन पाठीमागून आलं आणि तुषारांमध्ये इंद्रधनुष्य उमटलं. पाणी ओसरत होतं, पण अजून गढूळ होतं. निघताना त्या गृहस्थांचे हात हातात घेतले, पण शब्द फुटेना. तेच म्हणाले, "पुन्हा या."

तर तुझ्या दोन खुंट्या अशा गेल्या. नव्या आणून पिशवीत ठेवतोय. आणि शेवटचं वळण सोडलं तर वाट सपाट आहे, मी मुद्दाम तुझ्या पायाचा विचार करत चाललो. प्लास्टर कधी निघतंय ते डॉक्टरांना विचारून लगेच कळव.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
मित्र